अठरावी चूक

मोटारशर्यतीच्या धंद्यात मुकुल सोहोनीइतका नम्र माणूस दुसरा नव्हता, आणि ही गोष्ट मुकुलइतकी पक्की दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हती.

वय तेवीस. गेल्या वर्षीचा राष्ट्रीय विजेता, दोन मोसमांत अकरा शर्यती खिशात. शर्यत जिंकून उतरला की आधी गाडीला नमस्कार, मग धावपट्टीला, मग प्रेक्षकांपुढे कमरेत वाकून. वाहिनीवाल्याने माईक पुढे केला की वाक्य ठरलेलं: "मी काय, नुसतं स्टिअरिंग धरून बसतो. गाडी माझी माणसं चालवतात." सांगलीतल्या तीन शाळा ही मुलाखत मूल्यशिक्षणाच्या तासाला दाखवत. कोणत्या तीन, ते त्याची आई सुनीतीबाई न विचारताही सांगत.

दोन वर्षांपूर्वी कागलच्या माळावरच्या सर्किटवर, नवव्या वळणाला, त्याची गाडी भिंतीवर आदळली होती. कपाळाला पट्टी बांधलेला मुकुल तेव्हा कॅमेऱ्यासमोर म्हणाला होता, "ब्रेक लागला नाही. पण आमच्या मुमताजमावशींवर माझा राग नाही. माणूस आहे, चुका होतात. मी त्यांना मनापासून माफ केलं आहे." ते ऐकून महाराष्ट्राचे डोळे पाणावले. मुमताजमावशींचे पाणावले की नाही, हे कुणी विचारलं नाही.

मुमताज शिकलगार म्हणजे त्याची मुख्य मेकॅनिक. वय अठ्ठावन्न, मिरजेत वडिलांचं गॅरेज चालवणारी बाई. मुकुल नऊ वर्षांचा असताना तिनेच त्याला मोपेडचं इंजिन बसवलेल्या खेळण्यातल्या गाडीत बसवून पहिला ब्रेक दाबायला शिकवला. आता शर्यतीत त्याच्या कानात बोलणारा आवाजही तिचाच.

मुकुलच्या अगदी उलट शिवतेज पोवार. वडिलांचं कोल्हापूरच्या बाजूला गुऱ्हाळ. पोरगा उसाच्या ट्रॅक्टरवर शिकलेला. तो सर्किटवर यायचा तोच हलगीच्या तालावर. फाटकापासून पार्किंगपर्यंत त्याचे फ्लेक्स, प्रत्येकावर गॉगल लावलेला शिवतेज आणि खाली "नाद करायचा नाय". मुलाखतीत सांगायचा, "माझ्यासारखा ड्रायव्हर शंभर वर्षांत झाला न्हाई. पुढच्या शंभरात झालाच, तर तो माझाच नातू आसंल." मुकुल हे ऐकून मंद हसायचा. त्या हसण्यात कीव असे, पण ती आपुलकी आहे अशी त्याची समजूत होती.

सन २०४१च्या मोसमाची शेवटची शर्यत याच कागलच्या सर्किटवर होती. मुकुल गुणांत पहिला, शिवतेज त्याच्यापेक्षा सहा गुणांनी मागे. मोसमाचा जो विजेता होईल त्याला इटलीतल्या एका टीममध्ये जागा मिळणार होती. आणि नेमक्या याच शर्यतीपासून महासंघाने नवं हेल्मेट सक्तीचं केलं.

या हेल्मेटचं सरकारी नाव लांबलचक होतं. लोकांनी पहिल्याच दिवशी त्याला माजमीटर म्हणायला सुरुवात केली आणि पुढे महासंघाचे लोकही चहा पिताना तेच म्हणू लागले.

त्यामागचं विज्ञान तसं सरळ होतं. माणूस चुकला की ते माणसाच्या आधी त्याच्या मेंदूला कळतं. चूक झाल्यावर एक दशांश सेकंदाच्या आत कपाळामागे विजेची एक बारीक लहर उठते. ही झाली पहिली लहर. त्यानंतर साधारण पाव सेकंदाने दुसरी येते. झालेली चूक पदरात घेऊन पुढच्या वेळी हात कसा फिरवायचा हे ठरवणारी. हेल्मेटच्या अस्तरात शर्टाच्या बटणाएवढी सोळा यंत्रं होती, ती या दोन्ही लहरी टिपत. गाडीचा संगणक प्रत्येक वळणावर गाडी किती इंच भरकटली हे सांगे. दोन्ही जुळवून पाहिलं की कळायचं, चूक कधी झाली आणि डोक्यात तिचं काय झालं.

आत्मविश्वास असलेल्या माणसाच्या डोक्यात दोन्ही लहरी येतात. म्हणूनच तो पुढच्या फेरीत बिनधास्त वेग वाढवू शकतो. माज असलेल्या माणसाच्या डोक्यातही पहिली लहर येते, पण दुसरी यायच्या आत तिथला एक कारकून उठतो, "टायर घसरला" किंवा "वारा आडवा आला" असा शेरा मारतो आणि फाईल बंद करतो. शंभर चुकांपैकी अशा किती फायली बंद झाल्या, तो तुमचा आकडा. सत्तरच्या वर गेला तर रविवारच्या शर्यतीत गाडीची ताकद दहा टक्क्यांनी कमी. याला लगाम म्हणत. हेल्मेटच्या माथ्यावर एक दिवाही होता, त्या त्या क्षणाची स्थिती सगळ्यांना दिसावी म्हणून. हिरवा, पिवळा, लाल.

गुरुवारी पहिली चाचणी झाली. शिवतेज हलगीसकट आला, "ह्या मशिनचा काटाच तुटतोय बघा आता," म्हणत गाडीत बसला आणि पाच फेऱ्या मारून आला. आकडा बावीस. दिवा हिरवागार.

मग मुकुल. हेल्मेट हातात घेऊन त्याने आधी त्याला नमस्कार केला. पाच फेऱ्यांनंतर पडद्यावर आकडा आला एक्क्याण्णव.

मग सगळ्यांना एकदमच सुचलं की यंत्र बिघडलंय. हेल्मेट बदललं, तार बदलली, पुन्हा पाच फेऱ्या झाल्या. एक्क्याण्णवच. जमलेल्या पत्रकारांकडे पाहून मुकुल हसला. "यंत्रच ते, चुकायचंच. माझ्या मनात काही नाही. मी त्याला माफ केलं."

त्याच्या डोक्यावर दिवा असा लालभडक पेटला की उन्हातसुद्धा लांबून दिसला.

महासंघाच्या मेंदूतज्ज्ञ डॉ. सुवार्ता आवळे या नगरकडच्या, मोजकं बोलणाऱ्या बाई होत्या. मुकुल त्यांच्या खोलीत गेला, बसा म्हटल्यावरच बसला आणि म्हणाला, "डॉक्टर, तुम्ही तरुण आहात, तुमचं संशोधन नवं आहे. मला तुम्हाला अडचणीत आणायचं नाही. पण माझ्या अंगात माज आहे असं माझा शत्रूही म्हणणार नाही."

"शत्रू काय म्हणतात ते यंत्र मोजत नाही," डॉक्टर म्हणाल्या.

"मग शिवतेज हिरवा कसा?"

"तो बोलतो खूप. पण चुकला की त्याला कळतं आणि तो ऐकून घेतो."

"आणि मी?"

"तुम्ही फार छान बोलता," डॉक्टर म्हणाल्या आणि पुढच्या ड्रायव्हरला आत बोलावलं.

मुकुल सांगलीला घरी आला तोवर बातमी पोचली होती. सुनीतीबाईंनी सोफ्यावर बसूनच निषेध नोंदवला. "आपल्या घरात माज? अरे, आपण दारावरच्या पाटीवर पदव्यासुद्धा लावल्या नाहीत. आख्ख्या कॉलनीत फक्त आपण लावल्या नाहीत." यंत्र खोटं आहे हे सिद्ध करायला त्यांनी माजमीटरची घरगुती आवृत्ती मागवली. कपाळाला पट्टा बांधून फोनवर एक खेळ खेळायचा, चुका करायच्या. वधूवर मंडळांच्या फॉर्मात रक्तगटाखाली हेल्मेटच्या आधीपासूनच हाही रकाना आला होता, त्यामुळे पट्टा कुठेही मिळे. सुनीतीबाई खेळल्या आणि खेळच चुकीचा आहे असं म्हणाल्या. आकडा अठ्ठ्याऐंशी. मग त्यांनी पट्टा मुकुलच्या बाबांना बांधला. बाबांचा आकडा आला सात. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात सुनीतीबाईंनी त्यांची एकही चूक नजरेला आणून द्यायची ठेवली नव्हती.

शुक्रवारी मुकुलने नम्रता वाढवायचं ठरवलं. सकाळी त्याने गॅरेजची फरशी झाडली, मग ट्रे घेऊन सगळ्या मेकॅनिकना चहा दिला. त्या वेळी तिथे छायाचित्रकार होता हा निव्वळ योगायोग, आणि तो मुकुलनेच जमवून आणला होता. चहा देताना त्याच्या मनात एकच विचार घोळत होता: एवढ्या मोठ्या ड्रायव्हरने असं केलेलं या लोकांनी कधी पाहिलं असेल का? डोक्यावरचं हेल्मेट त्याने मुद्दामच ठेवलं होतं. आकडा चौऱ्याण्णव झाला.

"मावशी, हे कसं काय हो?" त्याने विचारलं.

मुमताजमावशी गाडीखाली होती. तिथूनच म्हणाली, "च्या गार होता."

शेवटी, नाइलाजाने, तो शिवतेजकडे गेला. शिवतेज आपल्याच फ्लेक्सच्या सावलीत ऊस खात बसला होता.

"ये भावा. बस. आकडा उतरवायला आलाईस न्हवं?"

"मी आपला सहज आलो होतो."

"आसू दे. गूळ करताना बघितलाईस कधी?" शिवतेजने त्याच्या हातात उसाचं एक कांडं दिलं. "काहिलीत रस उकळत आसतोय. चार-पाच मानसं भवतीनं. कुनी जाळ बघतोय, कुनी मळी काढतोय, कुनी भेंडीचं पानी घालतोय. एकाचं जरा हिकडंतिकडं झालं की आख्खा गूळ गेला. मग आमच्यात रीत हाय. ज्याची चूक झाली त्यानं तिथल्या तिथं वरडायचं. 'माझा जाळ जास्ती झाला.' 'माझं पानी कमी पडलं.' शिव्या मागनं खायच्या. आधी काहील वाचवायची. आबा म्हनत्यात, चुकला त्यानं गूळ घालवला न्हाई, चुकून गप ऱ्हायला त्यानं घालवला."

"मग गाडीत?"

"गाडीतबी वरडतोय की. वळान चुकलं की 'चुकलं'. गेल्या शर्यतीत चाळीसदा वरडलो."

"आणि हे सगळं?" मुकुलने फ्लेक्सकडे बोट केलं. "शंभर वर्षांत झाला नाही वगैरे?"

"ते तोंडाचं काम हाय," शिवतेज म्हणाला. "तोंडाला काय, काम पायजे."

दुपारच्या सरावात मुकुलने हा प्रयोग करून पाहायचं ठरवलं. चुकलो की ओरडायचं. बारा फेऱ्या झाल्या. प्रत्येक वळणाला तो तोंड उघडून तयार होता, पण ओरडण्यासारखं काही घडेचना. तिसऱ्या वळणाला गाडी बाहेर गेली ती वाऱ्यामुळे. पाचव्याला धूळ होती. सातव्याला तो मुद्दामच बाहेरून गेला, म्हणजे गेल्यावर त्याला तसं वाटलं. फक्त एकदाच तो जोरात ओरडला, "चुकलं!"

"शाब्बास," कानात मावशीचा आवाज आला. "काय चुकलं?"

"त्या पुढच्या गाडीवाल्याचं."

आकडा पंच्याण्णव.

शनिवारी त्याने सगळ्यांत वेगवान फेरी मारून शर्यतीसाठी पहिली जागा मिळवली, आणि तरी आकडा ब्याण्णवच राहिला. तिन्ही दिवसांचा हिशेब झाला, लगाम पक्का झाला. दुपारी डॉ. आवळ्यांनी त्याला बोलावून एक कागद पुढे ठेवला. त्यावर सर्किटचा नकाशा होता आणि जिथे जिथे त्याची पहिली लहर उठली तिथे तिथे लाल ठिपके.

"एक गोष्ट तुम्हाला दाखवायची होती," त्या म्हणाल्या. "तुमची पहिली लहर इतर कुणाहीपेक्षा मोठी आहे. शिवतेजच्या दुप्पट. इंचभर चूक झाली तरी तुमच्या डोक्यात घंटा वाजते. म्हणून तर तुम्ही इतकी चांगली गाडी चालवता. तुम्हाला कळत नाही असं नाहीच. तुम्ही ऐकून घेत नाही, एवढंच."

मुकुल कागदाकडे पाहत राहिला. नवव्या वळणावर ठिपक्यांचा नुसता सडा पडला होता.

"इथे मी तीन दिवसांत एकदाही चुकलो नाही," तो म्हणाला.

"नाही चुकलात. तरी प्रत्येक फेरीला लहर उठते. गाडी तिथे पोचायच्या आधीच उठते." डॉक्टरांनी चष्मा काढला. "आणि चूक फक्त हाताची असते असं नाही. तोंडातून खोटं वाक्य गेलं तरी हीच लहर उठते. त्या वळणाला काय झालं होतं?"

मुकुलने उत्तर द्यायला तोंड उघडलं. ब्रेक लागला नाही, हे वाक्य जिभेवर तयार होतं. दोन वर्षांत त्याने ते इतक्यांदा म्हटलं होतं. पण या वेळी ते बाहेर येईना. त्याला आठवलं ते वेगळंच. शंभर मीटरची पाटी मागे गेली तेव्हा त्याचा पाय अजून हवेत होता. समोर एक गाडी होती, ती त्याला त्याच वळणाला गाठायची होती, आणि आपल्याला सगळं जमतं असं त्याला त्या क्षणी वाटलं होतं.

तो उठला आणि सरळ गॅरेजमध्ये गेला. मुमताजमावशी पुढचं उजवं चाक काढून बसली होती.

"मावशी," तो म्हणाला, "त्या वेळचा ब्रेक कुठे आहे?"

मावशीने मान वर केली नाही. "कशाला?"

"बघायचाय."

तिने हातातला पाना बाजूला ठेवला आणि उघड्या चाकाकडे बोट केलं. ब्रेकच्या लोखंडी जबड्यावर, कडेला, कानशीने घासून काढलेलं, मावशीच्या खुणेचं बारीक 'म' अक्षर होतं. "ह्यो काय. टीमचे मालक टाकून द्या म्हनले हुते. मी घरी न्हेला, सोडवला, सगळा तपासला. नखाएवढाबी दोष नव्हता. परत आनून लावला. अकरा शर्यती जिकलास तू ह्याच ब्रेकवर."

मुकुल खाली बसला. "तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"सांगितलं की. दुसऱ्याच दिवशी गाडीचा कागद घेऊन आलते. पाय कितव्या मीटरला पडला, सगळं हुतं त्यात. तू माझ्या खांद्यावर हात ठेवलास आनि म्हनलास, 'मावशी, त्रास करून घेऊ नका. मी कधीच विसरलो ते.'"

मुकुलला तो प्रसंग स्वच्छ आठवत होता. आपल्या आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या मनाच्या क्षणांत तो त्याची गणना करत असे.

"आमच्या गॅरेजच्या पाटीवर अब्बांनी लिहून घेतलं हुतं," मावशी म्हणाली, "'ब्रेकचं काम खात्रीनं'. तू टीव्हीवर बोलल्यापास्नं लोक पाटी वाचून हसायला लागले. ब्रेकचं काम यायचं बंद झालं. मग ती ओळ मी रंग मारून झाकली."

"मग टीम सोडून का नाही गेलात?"

"गेले असते तर तुझ्या ब्रेकला दुसऱ्या कुनीतरी हात लावला असता," ती म्हणाली, जणू यात विचारण्यासारखं काय होतं.

मुकुलला रडू आलं. आजूबाजूला कॅमेरा नव्हता आणि तो नाही हे त्याच्या लक्षातही आलं नाही. त्याला स्वतःची लाज वाटली, अंगभर, कानांपर्यंत. "मावशी, मला माफ करा," तो म्हणाला.

"ते माफबिफ करायचं काम तुझं," मावशीने पाना उचलला. "मला माझी ओळ पायजे."

रविवारी सकाळी महासंघाचे सचिव स्वतः मुकुलकडे आले. त्यांच्या हातात एक छापील कागद होता. "हे बघा सोहोनी, शेवटची शर्यत, तुमच्यासारखा खेळाडू, आणि डोक्यावर लाल दिवा. बरं दिसत नाही. तुम्ही फक्त सही करा. हेल्मेटच्या जोडणीत दोष होता असं म्हणू. लगाम निघेल. डॉक्टर नवीन आहेत, त्यांच्याकडून झालं असेल काहीतरी. तुमचं मन मोठं आहे, तुम्ही काही त्यांच्यावर राग धरणार नाही."

"नाही, राग कसला," मुकुलच्या तोंडून सवयीने गेलं. पेन हातात आलं होतं. इटली एका सहीवर होती. कागदाच्या तळाशी लिहिलं होतं, 'जोडणी व तपासणी: डॉ. सु. आवळे'. मुकुलला पुढचं सगळं दिसलं. संध्याकाळी माईक समोर येईल, तो म्हणेल, डॉक्टरांना मी मनापासून माफ केलं आहे, आणि नगरला कुणीतरी एखादी ओळ रंग मारून झाकेल.

त्याने पेन परत दिलं. इटली त्याला खरोखरच हवी होती, तरीही.

शर्यतीआधी गाड्या रांगेत लागल्या आणि वाहिनीचा निवेदक माईक घेऊन पहिल्या गाडीशी आला. हेल्मेट डोक्यावर, दिवा माथ्यावर, समोर तीस हजार प्रेक्षक आणि मोठा पडदा.

"मुकुल, आज लगाम लावून धावणार. काय भावना आहेत?"

"मित्रहो," मुकुलने सुरुवात केली, "आज मी मोठ्या मनाने एक गोष्ट कबूल करणार आहे."

दिवा लाल. शिवतेजच्या हलगीवाल्याला काय वाटलं कोण जाणे, त्याने एक थाप दिली. लोक हसले.

मुकुलने घसा साफ केला. "माझ्यासारख्या साध्या माणसाकडूनसुद्धा कधीकधी..."

लाल. थाप.

"दोन वर्षांपूर्वी आमच्या टीमकडून एक..."

लाल. थाप. आता सगळं मैदान हसत होतं. निवेदकही माईक बाजूला धरून हसत होता. मुकुलने पडद्यावर स्वतःकडे पाहिलं. लाल दिव्याखाली हात जोडून उभा असलेला तो माणूस त्याला पहिल्यांदाच नीट दिसला आणि त्याने जोडलेले हात सोडले.

"ब्रेक चांगला होता," तो म्हणाला. "मी उशिरा दाबला. मुमताजमावशींनी मला कागद दाखवला, तो मी बघितला नाही. मग मी टीव्हीवर त्यांना माफ केलं. त्या ब्रेकचं काम खात्रीनं करतात. तोच ब्रेक आजही या गाडीत आहे."

दिवा पिवळा झाला. मग, अगदी थोडा वेळ, हिरवा. हलगीवाल्याचा हात वरच राहिला. प्रेक्षकांत बसलेल्या सुनीतीबाई तेवढ्यात शेजारणीकडे वळून म्हणाल्या, "बघितलंत, किती नम्र आहे ते?"

गॅरेजच्या दारात मुमताजमावशीने ओढणीने चष्मा पुसला. एकदा पुसून झाल्यावर पुन्हा पुसला.

शर्यत तीस फेऱ्यांची होती. लगामामुळे सरळ रस्त्यावर मुकुलच्या गाडीचा जीव निघून जाई आणि पहिल्याच फेरीत शिवतेज त्याला हात दाखवून पुढे गेला. मुकुलच्या तोंडात शेरा तयार होता. त्याने तो गिळला. तिसऱ्या वळणाला मागचं चाक कडेच्या मातीत गेलं.

"चुकलं," तो म्हणाला. आवाज त्याला स्वतःलाच अनोळखी वाटला.

"एक," कानात मावशी म्हणाली.

त्याने त्या वळणाला पुढच्या फेरीत हात जरा आधी वळवला आणि गाडी सुतात गेली. पाचव्याला पुन्हा "चुकलं". "दोन." आठव्या फेरीत तीन, चार, पाच. आश्चर्य म्हणजे ओरडून झालं की डोकं रिकामं होई आणि पुढचं वळण नुसतं वळणच राही. नवव्या वळणाला शंभरची पाटी येण्याआधी त्याचा पाय प्रत्येक वेळी ब्रेकवर होता आणि ब्रेक प्रत्येक वेळी लागला. त्याला इतकी मजा गाडी चालवताना नवव्या वर्षानंतर आली नव्हती. पण मजेने लगाम सुटत नाही. तीस फेऱ्यांअखेर तो चौथा आला. शिवतेज पहिला, शर्यतीत आणि गुणांतही.

तिकडे हलगी कडाडली. शिवतेज माईकवर सांगत होता, "इटलीवाल्यांना म्हनावं, रस्ते रुंद करून ठेवा." त्याच्या डोक्यावर दिवा हिरवा होता. मुकुलने ते ऐकलं. वर्षभर ज्या जागेसाठी धावला ती गेली होती, आणि यावर कुठलंही गोड वाक्य त्याला सुचलं नाही.

तो गॅरेजमध्ये येऊन गाडीतून उतरला. मावशी वही मिटत होती. तिच्या शेजारी फळीवर पांढऱ्या रंगाचा डबा आणि बारीक ब्रश ठेवलेला होता. मिरजेला जाऊन पाटीवरची ओळ आज संध्याकाळीच लिहायची, असा तिचा बेत दिसत होता.

"सतरा वेळा," मुकुल दमून म्हणाला. "तीस फेऱ्यांत सतरा वेळा ओरडलो मी."

"आरडलास सतरांदा," मावशी म्हणाली. "चुका अठरा."

"नाही मावशी, सतराच. मी मोजत होतो. तेविसाव्या फेरीला सातव्या वळणाचं म्हणत असाल, तर तिथे वारा..."

मावशी त्याच्या कपाळाच्या जरा वर पाहत राहिली. मुकुलने शेजारच्या गाडीच्या आरशात डोकावून पाहिलं. माथ्यावरचा दिवा पिवळ्यावरून हळूहळू तांबडा होत चालला होता.

तो आरशापासून मागे वळला.

"चुकलं," तो म्हणाला.

"हां," मावशी म्हणाली आणि रंगाचा डबा त्याच्या हातात दिला. "आता झाल्या अठरा. चल, पाटीला शिडी धरायला."